गाडी बंद पडली म्हणून शिक्षण थांबू नये : मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

यंदा गणपतीच्या वर्गणीसोबत मंडळ आणखी थोडे पैसे मागणार आहे, आणि ते गणपतीसाठी नाहीत. ते आहेत आपल्या डीमॅकच्या, म्हणजे इथल्या आयोवा राज्यातल्या डे मॉइन एरिया कम्युनिटी कॉलेजच्या, अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी.

आपल्यात कम्युनिटी कॉलेजचं नाव जरा दबक्या आवाजातच निघतं. मुलगा तिथे जातो हे सांगताना 'सध्या' जोडायची पद्धतच आहे. पण आपली कितीतरी मुलं अकरावी-बारावीतच इथले क्रेडिट (कॉलेजच्या पदवीत धरले जाणारे गुण) पदरात पाडून एम्सच्या किंवा आयोवा सिटीच्या विद्यापीठात गेली. त्याची फी आपण भरली नाही, ती सार्वजनिक पैशातून गेली. इथे नव्याने आलेल्या कितीजणींनी इंग्रजीचे वर्गही अशाच कॉलेजात केले.

आयोवात अशी 15 सरकारी कॉलेजं आहेत. आयटीआय, ज्युनिअर कॉलेज आणि रात्रशाळा एका छपराखाली, असा हा कारभार. 1965 च्या कायद्यातून ही व्यवस्था उभी राहिली आणि राज्यातल्या 99 काउंट्या (जिल्हे) या कॉलेजांमध्ये वाटल्या गेल्या, त्यामुळे आडगावच्या पोरालाही एक कॉलेज आपलं म्हणता येतं. तिकडे एस्टरव्हिलच्या आयोवा लेक्स या अशाच कॉलेजात 2004 पासून पवनचक्क्यांची देखभाल शिकवतात.

मग मदत कशाला? फीसाठी पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत) आहे, मागणी असलेल्या अभ्यासक्रमांना 'लास्ट डॉलर' शिष्यवृत्ती उरलेली फी भरते. पण फीच. वेल्डिंगचं हेल्मेट, नर्सिंगचे स्क्रब्ज, गाडीतलं पेट्रोल हे सगळं ज्याचं त्याने बघायचं. खरी अडचण गाडीची. ऑडुबॉन किंवा गथ्री काउंटीतून येणाऱ्याला शहरासारखी बस नाही. जानेवारीच्या थंडीत बॅटरी बसली की त्या दिवसाचा वर्ग बुडतो. दुरुस्तीला पैसे नसले की आठवडा बुडतो. त्यात प्रॅक्टिकल चुकली, कामावरची शिफ्ट गेली, की पोरगं सेमिस्टर सोडून मोकळं होतं. दोन-तीनशे डॉलरसाठी!

मंडळाने 5,000 डॉलर जमवायचं ठरवलं आहे. ही रक्कम फक्त अशा तातडीच्या मदतीसाठी वापरावी, असं कॉलेजच्या फाउंडेशनला लेखी कळवू. 25 डॉलरही चालतील. चेक थेट फाउंडेशनच्या नावे लिहा, मंडळाच्या नको. करसवलतीची पावती तिकडूनच येईल. तुमची कंपनी देणगीइतकीच भर घालते का, तेही एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या घालतात आणि आपण फॉर्म भरायचा कंटाळा करतो.

ज्यांना पैशांऐवजी वेळ देता येईल त्यांनी गणिताच्या शिकवणीसाठी नाव नोंदवावं. जुने कोट आणि भांडी कृपया आणू नका.

चेक आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशेजारी खजिनदारांकडे द्यावेत. एकूण जमलेली रक्कम विसर्जनाच्या दिवशी जाहीर करू, देणगीदारांची नावं मात्र माइकवरून वाचली जाणार नाहीत.

आपली,
कार्यकारिणी