भवानीचं गिऱ्हाईक

सोलापूर,
रविवार, 21 डिसेंबर 2025

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अप्पा, गाडी बुक केली," आणि मी विचारलं, "जेवलीस का?" तू गप्प झालीस. तेव्हापासून तुझी आई मला ऐकवतेय. आज कारखाना बंद आहे, म्हणून लिहायला बसलो. हे फोनवर मला नीट सांगता येत नाही, आवाज चढतो.

तू गाडी घेतेस याचा राग नाही. स्वतःच्या पगारावर घेतेस, इलेक्ट्रिक घेतेस, जीएसटी पाचच टक्के, सगळं मान्य. पण पुन्हा त्याच कंपनीची? तीही शोरूमला गाडी यायच्या आधी, किंमत जाहीर व्हायच्या आधी, पैसे भरून? हे मी एकदा करून बसलोय, आणि त्यातलं निम्मं तुला ठाऊक नाही.

2021 चा दसरा आठवतो ना, 15 ऑक्टोबर. देवळं आठवड्यापूर्वीच उघडली होती. पुण्याहून गाडी आणली ती थेट सिद्धेश्वरापुढं, चाकाखाली लिंबं. सगळे खर्च धरून अठ्ठ्याऐंशी लाख. तुझ्या आजोबांनी सायकलवर चादरीचे गठ्ठे वाहिले, आणि त्यांचा मुलगा ती गाडी घेऊन तळ्याकाठी उभा. छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. कंपनीनं चामड्याचं अस्तर लावलेली पेटी दिली होती. आत किल्ली आणि सहीचं पत्र : आपण आमच्या पहिल्या मोजक्या ग्राहकांपैकी एक आहात. ते पत्र मी तीनदा वाचलं.

गाडीत सीट गरम करायचं बटण होतं. सोलापुरात! कारखान्यात लूम दुरुस्त करणारा आपला जॉबर म्हणाला, "मालक, एप्रिलात हे दाबायची गरजच नाही की." डिकीत स्टेपनी नव्हती. विक्रेता म्हणाला, रनफ्लॅट टायर आहेत, पंक्चर झाली तरी ऐंशीच्या वेगानं ऐंशी किलोमीटर जाते. मी मनात मोजलं : ऐंशी किलोमीटरवर आपल्याला काय लागतं, तर टेंभुर्णीच्या अलीकडची उसाची शेतं. पण तेव्हा हसलो आणि सोडून दिलं.

चार महिन्यांनी पुण्याहून परतताना मोहोळ गेलं, सावळेश्वरचा टोलनाका गेला आणि स्क्रीनवर लाल बॅटरी आली. बाजूला घेईपर्यंत गाडी बंद. गिअर न्यूट्रलला जाईना, हँडब्रेकही विजेवरचा, तो सुटेना, म्हणजे ढकलायचीही सोय नाही. शेजारून उसाच्या जोडट्रॉल्या जात होत्या, प्रत्येक ट्रॉलीसरशी गाडी हलायची. मागे आई आणि तुझी आत्या. पुण्याहून उचलून न्यायचा ट्रक यायला सहा तास लागले.

दोष कसला, तर दुसऱ्या बॅटरीचा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की लगेच सुरू होतं ना, ते काम करायला 48 व्होल्टची वेगळी बॅटरी असते. ती मेली की त्या गाडीचं सगळंच मरतं. नवी परदेशातून यायला सात आठवडे. वॉरंटीत होतं, पैसे घेतले नाहीत. मी कुरकुरलोही नाही. यंत्र आहे, बिघडणारच. आपले लूम बिघडत नाहीत का? वर्कशॉपचा माणूस म्हणाला, "सर, अशी केस आमच्याकडे पहिलीच." मी विश्वास ठेवला.

नवरात्रात तुळजापूरच्या घाटात पुन्हा तेच. "सर, अशी केस पहिलीच." अरे, माझीच दुसरी वेळ आहे, पहिली कशी?

तिसऱ्या खेपेला, 2023 च्या मार्चमध्ये, मी त्यांच्या त्या थंडगार खोलीत कॉफी घेऊन बसलो होतो. समोर कोल्हापूरचे एक डॉक्टर. बोलता बोलता कळलं, गाडी तीच, बॅटरी तीच, आणि त्यांनाही सांगितलेलं वाक्य तेच. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

त्याच दिवशीची एक गोष्ट मी घरी कुणालाच सांगितली नाही. आत काम करणारा एक पोरगा बार्शीचा निघाला. सोलापूरचे म्हटल्यावर त्यानं मला गाडीपाशी नेलं. ओट्यावर काढलेली जुनी बॅटरी, शेजारी नव्या बॅटरीचं खोकं. दोन्हींवर पार्टचा लांबलचक नंबर. मी चष्मा लावून एकेक आकडा ताडून बघितला. सगळा सारखा, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. जुन्यावर 'ए', नव्यावर 'डी'. पोरगा काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

शेवटचं अक्षर का बदलतं हे मला कुणी सांगायला नको, बाळ. आपल्याकडं 412 नंबरचं डिझाइन होतं, लाल काठाचं. पहिल्या धुण्यात लाल रंग सुटून पांढऱ्या अंगात उतरायचा. रंग बदलला आणि नव्या मालावर 412-अ लिहायला लागलो. अक्षर बदलतं तेव्हा आधीच्या मालात खोट होती हे बनवणाऱ्याला कळलेलं असतं. 'ए' चं 'डी' झालं, म्हणजे मधे बी झालं, सी झालं. त्यांनी तीनदा दुरुस्ती केली आणि मला तीनदा 'पहिलीच केस' सांगितली. माझा विश्वास सावळेश्वरला गेला नव्हता. तो त्या ओट्यापाशी गेला.

412 चं पुढं काय झालं तेही ऐक. आजोबांनी लातूर, नांदेड, गुलबर्ग्याच्या व्यापाऱ्यांना स्वतःच्या हातानं पोस्टकार्डं लिहिली : '412 चा माल विकू नका, आमच्या खर्चानं परत पाठवा.' मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, कुणाची तक्रार नाही, आपणच कशाला बोंब मारायची? त्यांनी मान वर न करता पुढचं कार्ड ओढलं. परत आलेल्या चादरी आपण घरातच वापरल्या. तुझ्या लहानपणीच्या त्या गुलाबी चादरी आठवतात? त्या गुलाबी नव्हत्याच कधी.

कायदा नाही असं नाही. 1 एप्रिल 2021 पासून सरकार कंपनीला सदोष गाड्या सक्तीनं परत मागवायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. पण त्यासाठी विकलेल्या गाड्यांच्या ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी याव्या लागतात. प्रत्येकाला 'तुमचीच पहिली' सांगितलं की प्रत्येक जण स्वतःच्या नशिबाला दोष देत घरी जातो. मी तरी तेच केलं. ग्राहक आयोगाचंही वकिलांना विचारलं होतं. पन्नास लाखांच्या वरचं प्रकरण जिल्ह्यात चालत नाही, राज्य आयोगाकडं जावं लागतं. वकील तयार होते. माझंच मन झालं नाही, दिवाळीचा माल निघायचा होता.

किमतीचं मात्र वेगळं. यंदा 22 सप्टेंबरला मोठ्या गाड्यांवरचा कर जवळपास पन्नास टक्क्यांवरून चाळीसवर आला आणि नव्या गाड्या लाखांनी उतरल्या. त्यात कंपनीचा काय दोष? पण मी घेतल्यानंतर चौदाव्या महिन्यात तीच गाडी ते आठ लाख सोडून देत होते, जोडीला पाच वर्षांची फुकट सर्व्हिस. मला दोन वर्षांची मिळाली होती. मी फोन केला तर म्हणाले, "सर, ती स्कीम नवीन ग्राहकांसाठी आहे."

नवीन ग्राहकांसाठी! आपल्या नव्या पेठेतला साधा दुकानदारसुद्धा भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. भाव पाडून का होईना, माल देतो, आलेली नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो. मी त्यांची भवानी होतो. त्यांनी मला नमुन्याचा पीस केला. नवं डिझाइन लूमवर चढवलं की पहिले काही पीस आपण बाजूला काढतो, ताण बघायला, काठ बघायला. ते विकत नाही. त्यांनी ते अठ्ठ्याऐंशी लाखांना विकले.

जूनमध्ये गाडी काढून टाकली तेव्हा तुला फक्त 'विकली' एवढंच सांगितलं. जुन्या गाड्यांचा दलाल पुण्याहून आला. बॉनेट उघडलं नाही, चालवून बघितली नाही. चासी नंबर वाचला, त्यात महिना-वर्षाचं अक्षर असतं. म्हणाला, "पहिल्या लॉटची आहे." आणि चौतीस लाख सांगितले. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त 'अशी केस पहिलीच' होती.

तू म्हणशील, इलेक्ट्रिकचं निराळं, त्यात इंजिनच नाही. खरंय. मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटीही देतात. पण माझ्या गाडीचं इंजिन कुठं बिघडलं होतं? ते शेवटपर्यंत रेशमासारखं चाललं. बंद पाडलं ते बॅटरीनं आणि सॉफ्टवेअरनं, आणि तुझ्या गाडीत तीच दोन आहेत. वर्कशॉप तेच, माणसं तीच.

तेव्हा एवढं कर. बुकिंगचा कागद काढ आणि पैसे परत मिळायची तारीख बघ. माझ्या कागदावर ती मागच्या पानावर बारीक अक्षरात होती, ती उलटून गेल्यावर मी वाचली. इलेक्ट्रिकच हवी तर दुसऱ्या कुणाची बघ, रस्त्यावर येऊन वर्ष झालेली. आणि घेण्याआधी शोरूमला जाऊ नकोस, एखाद्या शनिवारी वर्कशॉपच्या त्या थंड खोलीत जाऊन बस. कॉफी चांगली देतात. शेजारच्याशी बोल.

एवढं वाचूनही तुला तीच घ्यायची असेल तर घे. पैसे तुझे आहेत. पूजेला मी येईन, लिंबंही आणीन.

सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला येतेस ना? अक्षता सोहळ्याच्या आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकड, स्टेशनवर मी इनोव्हा घेऊन उभा राहतो. आईनं शेंगाचटणी कुटायला घेतलीय, कडक भाकरी सांगून ठेवल्यात. आणि ती चामड्याची पेटी शोधत होतीस ना मागे, ती सापडली. आईनं तिच्यात सेफ्टी पिना आणि ब्लाऊजची हुकं भरून ठेवलीत. बिजागरी मात्र अजून उत्तम आहे.

तुझे,
अप्पा