पाण्याची गाठ

नौपाडा, ठाणे
१६ नोव्हेंबर

प्रिय मंगल,

परवा तू फोनवर रडत होतीस आणि माझं निम्मं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे. धड बोलणं झालंच नाही. फोनवर तू मला पुरतं बोलूही देत नाहीस, म्हणून हे पत्र. चष्मा लावून, बसून वाच.

आधी एक सांगते. आपल्या भाषेत सगळ्यालाच गाठ म्हणायचं. पदराला मारतो ती गाठ, जन्माची बांधतात ती गाठ, आणि पोटात गाठ म्हटलं की घरादाराच्या मनात एकच रोग येतो. तुझ्या सोनोग्राफीत लिहिलीय ती यकृतातली सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली पातळ पिशवी. मलाही हे कळायला वर्ष गेलं.

मला सांगितलेलं असं, की आईच्या पोटात यकृत घडताना पित्ताच्या बारीक नळ्यांपैकी एखादी मुख्य जाळ्याला जोडली जायची राहते. तिच्या आतल्या अस्तरातून पाणी झिरपत राहतं, बाहेर जायला वाट नाही, आणि पन्नाशीला येईतो तिची पिशवी होते. बायकांमध्ये जास्त दिसते. बहुतेकींना पत्ताही नसतो. दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली की ती सापडते, तुझी सापडली तशी. तेलकट खाण्याने ती होत नाही आणि काढ्याने विरत नाही. तुझ्या जाऊबाईंना हे वाचून दाखव.

माझी गोष्ट वेगळी होती, कारण माझी पिशवी १२ सेंटिमीटरची होती. अर्धी पोळी खाल्ली की पोट तुडुंब. उजव्या बरगडीखाली सतत कुणी हात दाबून धरल्यासारखं. चपलेचा पट्टा लावायला वाकले की श्वास अडके, तलावपाळीची एक फेरी मारून कट्ट्यावर बसायची वेळ. मी वर्षभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या आणि परकराची नाडी सैल करत राहिले. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, पोट सुटलंय तुझं. मलाही तेच वाटायचं.

पहिल्या ठिकाणी (नाव लिहीत नाही, भेटलीस की सांगेन) सुई घालून पाणी काढलं. साडेआठशे मिली, स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं. मी त्याच दिवशी घरी, संध्याकाळी पोटभर जेवले, ह्यांनी पेढे आणले. चार महिन्यांत पिशवी पुन्हा भरली. अस्तर जागेवरच असतं ना, ते झिरपणारच. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. त्याहून राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा, आणि ती तुझ्या कामाची आहे.

तुझ्या रानात दरवर्षी खतासाठी मेंढ्या बसवता. वस्तीवर तीन कुत्री, वर तू मोत्याच्या तोंडचे लाड करतेस. यकृतात पाण्याची आणखी एक गाठ होते, तिला हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याच्या आतड्यात एक इवलासा फीतकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि हातावरून, न धुतलेल्या भाजीतून आपल्या पोटात जातात. मेंढीचं रोगट काळीज-फुप्फुस कुत्र्याला टाकलं की ते चक्र चालू राहतं. वरवर बघता ही गाठसुद्धा साध्या सिस्टसारखी दिसू शकते. पण तिला सुईने बेसावध टोचलं आणि आतलं पाणी पोटात सांडलं, तर अंगावर भयंकर अ‍ॅलर्जी उठून जीव धोक्यात येतो, शिवाय पोटात नव्या गाठी रुजतात. म्हणून तिथे आधी अल्बेंडाझोलच्या गोळ्या आणि पुढचं सगळं जपून. माझी साधी निघाली, पण सुई घालण्याआधी हायडॅटिड आहे का ते बघायची रक्ताची तपासणी कुणी केलीच नव्हती. तू मात्र डॉक्टरांपुढे कुत्री-मेंढ्यांचा विषय स्वतःहून काढ. ते विचारतील म्हणून थांबू नकोस.

आता ऑपरेशन. घोडबंदर रोडच्या सर्जनबाईंनी कागदावर अर्धवट पाण्यात बुडालेला चेंडू काढून दाखवला. पाण्याबाहेर दिसतो तेवढा भाग कापायचा, बुडालेला तसाच ठेवायचा. छप्पर काढणं म्हणतात त्याला. आतली भिंत यकृताला चिकटलेली, तिच्यालगत रक्तवाहिन्या, ती ओरबाडायला गेलं तर रक्तस्राव. आणि ठेवली तरी बिघडत नाही: झिरपलेलं पाणी मग कोंडून राहत नाही, ते पोटात उतरतं आणि पोटातलं अस्तर ते शोषून घेतं. हे ऐकून मला हसूच आलं, म्हटलं आमच्या चाळीत पावसाळ्यात असंच कुणी गटार मोकळं करायला हवं होतं.

दुर्बिणीतून केलं, चार छोटी भोकं. पित्त कुठून गळत नाही ना ते तपासलं, एक नळी ठेवली, ती दुसऱ्या दिवशी काढली, तिसऱ्या दिवशी घरी. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखला! पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. तो पोट आणि छातीमधल्या पडद्याला डिवचतो, आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्याने कळ खांद्यात उमटते. दोन दिवसांत गेलं.

खरं जड गेलं ते कापलेल्या तुकड्याच्या रिपोर्टची वाट बघणं. सात दिवस. कारण क्वचित या पिशव्यांत वेगळ्या जातीची गाठ निघते, आत पडदे किंवा मांसल भाग असलेली, आणि तिचं नुसतं छप्पर काढून भागत नाही, ती अख्खी काढावी लागते. त्या सात दिवसांत मी कौपिनेश्वराला किती फेऱ्या घातल्या ते ह्यांना अजून माहीत नाही. रिपोर्टमध्ये ‘साधी सिस्ट’ दोन शब्दांत होतं.

आणि तुझी? २.८ सेंटिमीटर. दुखत नाही, जेवण जातंय, यकृताच्या रक्तचाचण्या ठीक. तुझा लेक म्हणतो ‘काढूनच टाक’, तर त्याला विचार, काय काढायचं आणि कशासाठी? माझं ऑपरेशन त्रासासाठी झालं. तुला त्रासच नाही. रिपोर्टमध्ये भिंत पातळ आहे का, आत पडदे आहेत का, एवढं बघायचं, ती रक्ताची तपासणी करायची, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी. साधी ठरली तर तिला तिथेच राहू दे.

रिपोर्टच्या दोन्ही पानांचे फोटो पाठव, गेल्या वेळसारखा अंगठा मध्ये आणू नकोस. आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवते. पुढच्या महिन्यात इकडे येच, मामलेदारची मिसळ खाऊ; आता मी पूर्ण प्लेट संपवते.

आणि मोत्याला जंताचं औषध शेवटचं कधी दिलं होतं, तेवढं आठवून ठेव.

तुझी,
वासंती