पूर्ण बाह्यांचा सदरा

वर्धा,
फाल्गुन, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीच्या लग्नाला मी आलो नाही. तू काही बोलला नाहीस, पण त्यानंतर तुझे फोन कमी झाले ते मला कळलं. ऑफिसात ऑडिट आहे असं मी सांगितलं होतं. ऑडिट नव्हतं. आज खरं काय ते लिहायला बसलो आहे आणि एका बैठकीत संपवणार आहे. मध्ये उठलो तर पुन्हा उद्यावर जाईल, असे किती उद्या गेले.

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर माझ्या डाव्या हाताला, मनगटाच्या चार बोटं वर, फिकट चट्टा दिसला. रुपयाएवढा. खाज नाही, दुखणं नाही. गजकर्ण असेल म्हणून मलम लावलं. पंधरा दिवसांनी आंघोळ करताना लक्षात आलं की तेवढ्या जागी गरम पाणी गरम लागत नाही. त्या क्षणी मला सगळं समजलं, गड्या. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, दत्तपूरचं कुष्ठधाम आहे, तिथे उभा जन्म गेलेल्या माणसाला बधिर चट्टा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शाळेच्या भिंतीवर ते वाचत वाचतच आपण मोठे झालो. आणि समजल्यावर मी काय केलं? पूर्ण बाह्यांचे चार सदरे शिवून घेतले.

भीती माणसाकडून काय काय करून घेते ते मी दहा महिने स्वतःत पाहिलं. वैशाखात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, मनगटाचं बटण लावून फिरलो. नातवाला उचलणं सोडलं, पाठ दुखते म्हणालो. स्वतःचा पेला वेगळा ठेवू लागलो. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई दारात आली, वही उघडून तिने विचारलं, "काका, अंगावर कुठे चट्टा, बधिरपणा?" मी म्हटलं, "नाही." ती बिचारी दारावर खडूने खूण करून पुढच्या घरी गेली. दार लावून घेतलं तेव्हा माझे पाय कापत होते. तुझ्याकडच्या लग्नात पंगत बसणार, गळाभेटी होणार, कुणीतरी बाही वर करून हात धरणार, या एका विचाराने मी काढलेलं तिकीट परत केलं.

आणि मला काही माहीत नव्हतं असं समजू नकोस. हॅन्सेनने 1873 मध्ये नॉर्वेत या रोगाचा जंतू शोधला. बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद मुळातच असते. तो इतका संथ वाढतो की लागण झाल्यापासून खूण दिसेपर्यंत पाच पाच वर्षं जातात, कधी वीसही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. यातलं सगळं मला ठाऊक होतं. रात्री तेच मनात घोकायचो आणि सकाळी पुन्हा बटण लावायचो. घटस्फोटाच्या कारणांमधून हा रोग कायद्याने 2019 मध्ये काढला, हेसुद्धा मला माहीत होतं. तरी लग्नाला बत्तीस वर्षं झालेल्या बायकोपासून मी हात लपवत होतो.

मला सारखी देवळाच्या पायरीवरची ती म्हातारी आठवायची. तुला आठवते ना? बोटं झडलेले पंजे पुढे करून बसायची, आणि लोक वरून, हातभर अंतरावरून नाणं टाकायचे. ते बरेचदा पायरीवरून घरंगळत जायचं आणि ती सरकत सरकत त्याच्या मागे जायची. चौथीत असताना एकदा तू प्रसादाचा पेढा थेट तिच्या पंजावर ठेवलास. मी घाबरून पळत सुटलो आणि तुझ्या घरी जाऊन सांगितलं. काकूंनी तुला कडुनिंबाचा पाला टाकलेल्या पाण्याने विहिरीवर आंघोळ घातली, मार बसला तो वेगळाच. घरी कुणी सांगितलं ते तुला कधी कळलं नाही. तो मी होतो. त्यानंतर आठ दिवस वर्गात मी तुझ्या शेजारीही बसलो नाही, मास्तरांना सांगून बाक बदलून घेतला. पन्नास वर्षं हे पोटात आहे.

आता खरं काय घडलं ते. श्रावणात एका सकाळी मी सदऱ्याला इस्त्री करत होतो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, म्हणाली काहीतरी जळतंय. मी सदरा पाहिला, तो ठीक होता. इस्त्रीची कड माझ्या हाताला टेकलेली होती आणि मला पत्ता नव्हता. तिने इस्त्री बाजूला केली, हात नळाखाली धरला, चट्टा पाहिला, भाजलेली जागा पाहिली. एक अक्षर विचारलं नाही. फक्त म्हणाली, "उद्या रजा टाका. मी येते बरोबर." मी त्या दिवशी काही शूर झालो नाही रे. लपवायला जागा उरली नाही, आणि जिच्यापासून लपवत होतो तीच माझा हात धरून उभी होती.

डॉक्टरीणबाई आपल्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं, "जिथे लागेल तिथे बोट ठेवा, काका." कापसाची वात फिरत होती. दंडावर, मनगटावर, तळव्यावर मी बरोबर बोट ठेवत गेलो. मग बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं तपासणी संपली. डोळे उघडले तर वात अजून चट्ट्यावरच होती. "चार वेळा लावली," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझं कोपर हातात घेऊन मागची शीर अंगठ्याने चाचपली, एकदा या हाताची, एकदा त्या हाताची. हातमोजे नव्हते, उघडे हात होते. मला भरून आलं. दहा महिन्यांत त्या जागेला घरच्याशिवाय दुसऱ्या माणसाचा स्पर्श झाला नव्हता.

सहा महिन्यांच्या गोळ्या. दर महिन्याला पहिला डोस त्यांच्यासमोर घ्यायचा, बाकीच्या पाकिटातून रोज घरी. पहिल्या डोसानंतर लघवी लाल झाली, ते आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. बोटं रोग खातो असं आपण लहानपणी ऐकायचो, ते तसं नसतं. शीर मरते, मग भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखमा चिघळत जातात. ती म्हातारी चुलीशी एकटी असायची, तिला सांगायला कुणी नव्हतं. मला वेळेवर सांगायला घरात माणूस होतं.

या सहा महिन्यांत बाबा आमट्यांचा विचार फार केला. रेल्वेत एका बाईला छळणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे भिडले होते, गांधीजींनी त्यांना अभय साधक म्हटलं. तोच माणूस वरोऱ्यात पावसात गटारीकाठी पडलेल्या कुष्ठरोगी तुळशीरामला पाहून घरी पळाला. पळाल्याचं त्यांनी कधी लपवलं नाही, हेच मला सगळ्यांत मोठं वाटतं. परत आले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला भरवलं. भीती तोवर गेलेली नव्हती, पुढेही कित्येक महिने ती त्यांना छळत राहिली. हातांनी मात्र ते काम करत राहिले. सेवाग्रामात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत, तेही मला आता वेगळं दिसतं.

आणि बाबांच्या आनंदवनात रुग्णांनी पिकवलेली भाजी! सुरुवातीला वरोऱ्याची माणसं ती घेत नसत, दूधही नाही. 1950 नंतरच्या त्या वर्षांत देशोदेशीचे तरुण तिथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर भिंती बांधल्या, त्यांच्या पंगतीला जेवले. हे सगळं गावाच्या डोळ्यांदेखत झालं, आणि मग भाजी विकली जाऊ लागली. शाळेच्या भिंतीवरच्या अक्षरांनी माझंही काही हललं नव्हतं.

तुला वाटेल, आता बरा झाल्यावर हा सांगतो आहे. खरं आहे. आधी सांगायला हवं होतं. चौथीत ज्याने पेढा हातावर ठेवला त्याच्यापासून लपवायची गरज नव्हती, एवढं साधं मला कळलं नाही.

मागच्या महिन्यात शेवटचं पाकीट संपलं. भाजल्याचा डाग आहे, चट्टा आता शोधावा लागतो. मधोमध अजून थोडं बधिर आहे. ते कदाचित तसंच राहील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इस्त्री, चहाचा पेला, तवा, सगळं उजव्या हाताने धरतो.

लेकीचा आहेर माझ्याकडे पडून आहे. साडी लग्नाच्या आधीच घेतली होती, हिरवी, रुंद काठांची. होळीनंतरच्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो, हीपण येईल. तोवर फोन केलास तर बरं वाटेल, नाही केलास तरी येतो. वहिनींना सांग, झुणका-भाकर पुरे. अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून येईन.

तुझाच,
बाक बदलून घेणारा