जुईच्या कर्जाबद्दल

बोरिवली,
१४ जून

प्रिय वैशू,

तुझ्या जुईच्या बी.ए. सायकॉलॉजीला, त्या खासगी विद्यापीठात, कर्ज काढून घालायचा विषय काल फोनवर "बघू गं" म्हणून टाळला, तो मुद्दाम. स्पीकर सुरू होता आणि जुई तिथेच बसली होती. तिच्यासमोर पैशाचं काढलं असतं तर तिला वाटलं असतं, मावशीपण सायकॉलॉजीच्या विरोधात. मी विरोधात नाही गं. मी स्वतः तेच शिकले. माझा राग त्या सहा लाखांच्या कर्जावर आहे.

रात्री वहीत मांडून बघितलं. वर्षाला दोन लाख, तीन वर्षं, व्याज दहा टक्के धरलं. शिकताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, असं बँकेतला मुलगा गोड आवाजात सांगेल, आणि ते खरंच आहे. पण व्याज तेव्हाही चढतच असतं. चार वर्षांत ते १ लाख ८० हजार होतं. मग ७ लाख ८० हजारांवर दहा वर्षं, महिन्याला साधारण १० हजार ३०० रुपये. आणि पहिला हप्ता कधी? भाऊजी रिटायर होतात त्याच वर्षी! साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून ते खूश आहेत, पण सहकर्जदार म्हणून सही त्यांचीच असणार. हप्ता चुकला की सिबिल दोघांचंही बिघडतं. व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते, हेही कोणीतरी सांगेल. मिळते, आठ वर्षं, पण टॅक्सच्या जुन्या रिजीममध्ये. भाऊजी गेल्या वर्षी नव्यात गेले ना?

आता मिळकत. आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी बी.ए. सायकॉलॉजी झालेली एक मुलगी घेतली, रिक्रूटर म्हणून. हातात १९ हजार. दिवसभर हेडफोन लावून एकच प्रश्न, "नोटीस पिरियड किती आहे?" गुणी पोर आहे, पण विरारहून अंधेरीला येते, आणि पास, डबा, मोबाइल धरून महिन्याला तिच्याकडे काय उरतं ते मला माहीत आहे, कारण वीस तारखेनंतर ती माझ्याकडून उसने घेते. तिच्या पगारातून १० हजार ३०० काढून बघ. आमच्या बिल्डिंगमधली दुसरी एक मुलगी शाळेत शॅडो टीचर आहे, म्हणजे जास्त मदत लागणाऱ्या एखाद्या मुलासोबत वर्गात बसते. काम मनापासून करते, पण मे महिन्यात पगार नाही.

तुला वाटेल, जुई पुढे काउन्सेलर होईल, तेव्हा फिटेल. होईल की. पण बी.ए.वर नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, रजिस्टरमध्ये नाव लागतं, आणि ते नुसत्या बी.ए.ने लागत नाही. साध्या काउन्सेलिंगलाही शाळा-हॉस्पिटलं एम.ए. विचारतात. म्हणजे खरा खर्च पुढेच आहे. पूर्वी लोक नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून सायकॉलॉजीचं एम.ए. करायचे, यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून तेही बंद केलं. आता दोन वर्षं रोज वर्गात बसावं लागणार, आणि इंटर्नशिप बऱ्याचदा फुकटच. कर्ज काढायचंच तर तेव्हा काढू. आत्ताच सहा लाखांचं ओझं घेतलं तर पोरगी एम.ए.च्या दारात पोचायच्या आधीच नोकरीला जुंपली जाईल, आणि मग तिथेच राहील. माझ्याकडे बघ.

हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. बी.ए. झाल्यावर मी जो एच.आर.चा डिप्लोमा केला ना, त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं मोठ्ठ्या अक्षरांत छापलेलं. प्लेसमेंट म्हणजे काय, तर दोन कंपन्यांचे पत्ते लिहिलेला कागद. पाटल्या सोडवायला चार वर्षं लागली आणि तोवर एम.ए.चं नाव घरात कोणी काढलं नाही. आईने तर नाहीच. ती सणाला हातात काचेच्या बांगड्या घालून बसायची आणि म्हणायची, सोनं टोचतं हल्ली.

म्हणून म्हणते, अनुदानित कॉलेज बघा. फी वर्षाला काही हजारांत भागते. माटुंग्याच्या कॉलेजच्या पहिल्या यादीत नाव नाही लागलं, ठीक आहे, दुसरी-तिसरी यादी आहे. तिथे नाहीच झालं तर भांडुपहून ट्रेनने जाण्यासारखं आणखी एखादं. त्या खासगी विद्यापीठातली लायब्ररी, एसी वर्ग, सगळं छान आहे, मीही फोटो बघितले. पण डिग्री शेवटी बी.ए.चीच. पुढे एम.ए.ला कलिनाला मुंबई विद्यापीठ आहे, देवनारला टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, आहे; तिथे बी.ए.ला किती फी भरली होती, हे कोणी विचारत नाही.

जुईला यातलं अर्धं कळतंच असेल. परवा मला तिने हळूच मेसेज केला होता, "मावशी, बाबांना टेन्शन आलंय का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

रविवारपर्यंत अ‍ॅडमिशनच्या टोकनचे पैसे भरू नका. रविवारी तिघं जेवायलाच या, आणि भाऊजींना म्हणावं, फीचा कागद आणि बँकेचं पत्र, दोन्ही घेऊन या. हो, माझा स्टीलचा मोठा डबा तुझ्याकडेच आहे गणपतीपासून. तोही आण.

तुझीच,
नीलू