गोधडीला पडलेल्या सात भोकांबद्दल

आप्पा, रामराम.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. तुमच्या मुलाकडे पाठवतो, तो वाचून दाखवेल. आणि असं चारचौघांत लिहितोय कारण तुमच्या वेल्डिंगच्या दुकानात मी आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा तुम्ही ग्राइंडर सुरू केलात. माझं बोलणं त्यातच बुडालं.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. गाडी आमच्या नानांची, १९८६ची प्रीमियर पद्मिनी. जळगावात आमच्या गल्लीत तिला पद्मिनी कोणी म्हटलं नाही, सगळ्यांसाठी ती फियाटच. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना ती घेऊन धुळ्याला देवपुरात जायचे आणि आत्याला माहेरी आणायचे. आखाजीला सासुरवाशीण माहेरी आली नाही तर आपल्याकडे कसं वाटतं, ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. पुढे नाना गेले. गाडीचं १०८९ सीसीचं मूळ इंजिन तर त्यांच्याही आधी थकलं होतं, ब्लॉकलाच तडा. मी ११८ एनईचं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळवला. तीही प्रीमियरचीच गाडी, पण पोटात निसानचं ए-१२, ११७१ सीसी. आरटीओची परवानगी आधी काढली. स्टिअरिंगजवळचा गिअर गेला आणि खालून दांडी आली, याचं मात्र अजून वाईट वाटतं. नाना दोन बोटांनी गिअर टाकायचे.

इंजिन मिळालं, पण ते बसणार कशावर? पद्मिनीतल्या जागा जुन्या इंजिनाच्या मापाच्या, निसानचं इंजिन ज्यावर टेकतं ते कान भलतीकडेच. म्हणजे फाउंडेशन हातानंच बनवायला हवं. त्यासाठी मी एका मोठ्या शहरात, जुन्या गाड्यांसाठी नावाजलेल्या गॅरेजकडे गाडी दिली. नाव लिहीत नाही. एसी ऑफिस, भिंतीवर चकचकीत गाड्यांचे फोटो, आणि सात महिने. दर फोनला "सर, तुमचंच काम चालू आहे." शेवटी गाडी हातात आली तेव्हा बिल चार पानांचं होतं आणि फाउंडेशन म्हणजे दोन पट्ट्यांच्या मध्ये दाबलेले जुन्या टायरचे तुकडे. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला पॉलिश दिसलं.

एरंडोल सोडलं, पारोळा यायचा होता, एका ट्रकला ओलांडायला रेस दिली आणि समोरून कर्रकन आवाज आला. टायरचा तुकडा निसटला, इंजिन एका अंगाला कलंडलं, पंख्यानं रेडिएटर खाल्ला. एप्रिलची दुपार, रस्त्यावर सावली नाही. त्या गॅरेजला फोन लावला तर "गाडी इकडे पाठवा, मग बघू." चारशे किलोमीटर गाडी पाठवा म्हणे. टोचन लावून एका ट्रॅक्टरवाल्यानं मला तुमच्या दारात आणून सोडलं. दारात उलटा ठेवलेला नांगर, अर्धवट ट्रॉली, आणि तुम्ही डोक्याला रुमाल बांधून बसलेले.

"काय व्हयनं भाऊ?"

मी बोनेट उघडलं. तुम्ही इंजिनाकडे एकदाच पाहिलंत आणि नजर वर काचेवर गेली. पुढच्या काचेच्या खालच्या भागात बारीक काळे ठिपके होते. मला वाटायचं डांबर उडालं असेल, मी दोनदा रॉकेलनं पुसलेही होते. तुम्ही एका ठिपक्यावरून नख फिरवलंत. नख अडकलं. ठिणगी काचेत वितळून बसली की ती पुन्हा निघत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शहरातल्या पोरांनी उघड्या काचेसमोर ग्राइंडर चालवला होता. नानांनी त्या काचेला कधी कोरडं फडकंसुद्धा लावू दिलं नव्हतं.

तुम्ही काही बोलला नाहीत. आत गेलात. मला वाटलं हत्यारं आणायला. बाहेर आलात ते खाटेवरची गोधडी घेऊन. ती बादलीत बुडवलीत, पिळलीत आणि काचेवर नीट पसरलीत, वायपरखाली कोपरे खोचून. मी म्हटलं, "अहो आप्पा, चांगली गोधडी आहे, एखादं पोतं टाका." त्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "काच नवी भेटस का आते?" म्हणजे, नवी काच आता मिळते का?

आप्पा, सात महिने आणि चार पानी बिलात माझ्या गाडीसाठी कोणी एवढं केलं नव्हतं. कारागिरी पुष्कळांकडे असते. ज्याची वस्तू आहे त्याला ती कुठे दुखते, हे न विचारता ओळखणारे हात कमी.

पुढचं काम मी दीड दिवस पाहत बसलो. इंजिन चेन पुलीवर टांगलं. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तुम्ही आधी त्याचंच फाउंडेशन बनवलंत, चार वेळा कापलात, चार वेळा फेकलात. मगच ८ मिमीच्या पट्टीला हात. रबर जीपचं घेतलंत, दोन्ही बाजूंना लोखंडाची चकती चिकटलेलं. वेल्डिंगचे नुसते टाके मारून माप पक्कं केलंत आणि पूर्ण वेल्डिंगआधी रबर खोलून बाजूला ठेवलंत, कारण तापलं की चकतीवरची पकड सुटते. कडक रबर लावलं तर सगळी थरथर स्टिअरिंगमध्ये येते आणि मऊ लावलं तर इंजिन डोलतं, हे तुम्ही मला अंगठ्यानं दाबायला लावून शिकवलंत. रेस दिल्यावर एक बाजू दबते आणि दुसरी ओढली जाते, म्हणून मधून एक लांब बोल्ट आणि मोठा वायसर टाकलात. रबर फाटलं तरी इंजिन उडून पंख्यापर्यंत जाणार नाही. टायरवाल्या हुशारांना हे सुचलं नव्हतं.

आणि हेही लिहितो, तुम्हाला आवडणार नाही तरी. पहिल्यांदा चावी मारली तेव्हा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, रडत रडत फिरला आणि चोकच्या केबलमधून धूर आला. इंजिन आता सगळीकडून रबरावर होतं आणि त्याला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी लावायची राहिली होती, म्हणून सेल्फचा सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या तारेतून परतत होता. माझ्या लक्षात येण्याआधीच तुम्ही म्हणालात, "मन्हीच चूक शे." पट्टी लावलीत, चोकची केबल स्वतःच्या पैशानं आणवलीत. सात महिन्यांत शहरातल्या कोणाच्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. पैसे देताना मी शंभराच्या चार नोटा जास्त ठेवल्या, त्या तुम्ही मोजून परत केल्यात.

गोधडी काचेवरून काढली तेव्हा तिला सात भोकं पडली होती. मी मोजली. तुम्ही ती झटकून पुन्हा खाटेवर टाकलीत आणि वर बसलात.

आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याला गेलो. येताना आत्या पुढेच बसली. एरंडोलच्या पुढे अंधार पडला, समोरच्या गाड्यांचे दिवे काचेवर आले की ते जुने ठिपके चमकायचे. तिनं विचारलं, हे काय रे? मग तिला सगळं सांगितलं, गोधडीसकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, कसली होती, सुती का?

पाचशे किलोमीटर झाले की फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा आवळायचे, असं तुम्ही बजावलं होतं. चारशे ऐंशी झालेत. रविवारी येतो. आत्यानं नानांची दोन धोतरं आणि तिच्या जुन्या साड्या काढल्या आहेत, टाके घालणं चालू आहे, शनिवारपर्यंत होईल म्हणते. घ्यायला नाही म्हणू नका. ती सोबत येणार आहे, आणि तिच्यासमोर ग्राइंडर सुरू करून चालत नाही.