आमची बोअर आणि तुमची विहीर

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव
१८ मे

प्रिय सदा,

तुमच्या टेक्सासात, मिडलंडला, दाबानं पाणी सोडून खोलवरचा दगड फोडतात आणि तेल काढतात, ते फ्रॅकिंग. आमच्या बोअरची गोष्ट ऐकून परवा फोनवर तू खो खो हसलास, "म्हणजे तूही फ्रॅकिंगवाला झालास की! तेच की ते!" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही आणि तेवढ्यात रेंजही गेली. म्हणून हे पत्र.

झालं ते असं. राजहंसगडाच्या अंगाच्या रानात बोअर मारली. नारळवाल्या पाणाड्यानं जागा दाखवली होती. ४२० फूट गेलो, तर काळ्या दगडाची भुकटी आणि जेमतेम अर्धा इंच पाणी. पाणाड्या म्हणतो, नारळ उभा राहिला होता, दगडानंच दगा दिला! मग एका मेस्त्रीनं सुचवलं, हायड्रो करून बघा, म्हणजे पाण्याच्या दाबानं दगडातल्या फटी उघडायच्या. टँकर आला. केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या वरच्या पाइपाच्या खाली, पक्क्या दगडात पॅकर म्हणजे फुगणारं रबरी बूच बसवून बोअर आवळली आणि दाबानं पाणी सोडलं. मीटरचा काटा चढत चढत गेला आणि एकदम खाली आला. मेस्त्री म्हणाला, तडा उघडला. आता दीड इंच पाणी पडतंय. आत गेलं ते नुसतं पाणी. वाळू नाही, औषध नाही.

तुमच्या तेलाच्या विहिरीचं गणित निराळं. दोन-तीन किलोमीटर खाली जायचं, मग शेलच्या, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या चिकणमातीच्या दगडाच्या थरात तेवढंच आडवं. एका विहिरीला ५७ लाखांपासून ६ कोटी लिटरपर्यंत पाणी लागतं म्हणे. मी हिशोब मांडला: ६ कोटी म्हणजे १२ हजार लिटरचे ५ हजार टँकर! त्यात वाळू, त्यात रसायनं. आणि तेलाबरोबर वर येतं ते समुद्रापेक्षा खारट पाणी, ते पुन्हा दुसऱ्या विहिरीत गाडायचं. २०१६ साली ओक्लाहोमात पॉनीजवळ ५.८ चा भूकंप झाला, तो मुख्यतः या गाडलेल्या पाण्यानं. तू म्हणालास, फ्रॅकिंगनं थोडाच झाला? बरोबर आहे तुझं. पण ते पाणी आलं कुठून?

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण आमच्या आईनं १९६७ चा कोयनेचा भूकंप बघितलाय. पहाटे फळीवरची भांडी खाली आली, ही गोष्ट तूही ऐकली असशील. धरणाचं पाणी दगडाच्या फटीत मुरून दाब वाढला, हेच त्याचं कारण बहुतेक शास्त्रज्ञ देतात.

पैसा आला, हे मी नाकारत नाही. २००८ ला अमेरिका दिवसाला ५० लाख बॅरल तेल काढत होती, २०१९ ला १ कोटी २० लाखांच्या वर गेली. तुझ्या घराचा वरचा मजलाही त्यातलाच. पण तुमची विहीर पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त आटते, मग दुसरी मारा, तिसरी मारा. उसाला निदान खोडवा तरी येतो रे!

आणि गवार! मला तोवर गवार म्हणजे शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी एवढंच ठाऊक. तुमच्या पाण्यात वाळू तरंगती ठेवायला गवारीच्या बियांचा डिंक लागतो आणि जगातली बहुतेक गवार आपल्या देशात, त्यातही राजस्थानात पिकते. २०१२ मध्ये बियाण्याचा भाव क्विंटलला ३० हजारांच्या घरात गेला, मार्चमध्ये सरकारला वायदेबाजार थांबवावा लागला. मग काय, पुढच्या हंगामात सगळ्यांनी गवारच पेरली. तिकडं कंपन्यांनी दुसरे पर्याय शोधले, पुढं तेलही पडलं आणि भाव जमिनीवर. एप्रिल २०२० मध्ये एका दिवशी तर तुमचं तेल बॅरलला उणे ३७ डॉलरला गेलं, म्हणजे विकणाऱ्यानंच वर पैसे द्यायचे. राजस्थानात बाडमेरला गवार पिकवणाऱ्या माणसानं टेक्सासचं नाव ऐकलेलं नसेल, पण भाव तिकडून ठरत होता. आपल्याकडं कारखाना उसाचं बिल लांबवतो तेव्हा निदान जाऊन भांडता तरी येतं.

आपल्याकडं हे यायची भीती नाही. आपला दगड लाव्ह्याचा, त्यात तेल कुठलं? पण तुझ्या "तेच की ते" वर मला राग आला, तो याचा. माझ्या बोअरचं पाणी माझ्याच रानात, म्हशीलाही तेच.

आई लोणच्याला कैऱ्या चिरत बसलीय. तुझी बरणी ठरलेली आहे, दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा. आणि एवढं कळव, मिडलंडात तुझ्या नळाला येणारं पाणी कुठून येतं?

तुझा,
बाळू