आई-बाबा, पासवर्डच्या डबल एन्ट्र्या मी काढून टाकल्यात

प्रिय आई, बाबा,

पोचल्याचा फोन केलाच होता, डबा पण संपला, धपाटे दोन दिवस पुरवून खाल्ले. पण जे बोलायचं होतं ते फोनवर जमेना म्हणून लिहितेय. आई, तू हे मोठ्याने वाच, आणि बाबा तुम्ही मधे बोलू नका, सगळं ऐकून मग काय म्हणायचं ते म्हणा.

आधी एकच सांगते. बाबा, तुमचं डोकं नीट चालतंय. शनिवारी रात्री तुम्ही ओट्यापाशी आईला हळू आवाजात म्हणालात ना, मला आता लक्षात राहीना, एकदा डॉक्टरांना दाखवूया, ते मी मधल्या खोलीत ऐकलं. मी झोपले नव्हते. आणि मग झोप लागलीच नाही, कारण बँकेचं खातं लॉक झालं ते तुमच्या विसरण्याने झालेलं नाही, ते माझ्या हातून झालंय, आणि तुम्ही मात्र महिनाभर स्वतःला दोष देत बसलात.

काय झालं ते नीट सांगते. दिवाळीत मी तुमच्या लॅपटॉपवर क्रोममधले सगळे पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये, म्हणजे त्या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये आणले, आठवतंय ना, आई चकल्या तळत होती आणि सारखी म्हणत होती आता ठेव ते बाजूला. तेव्हा मधेच नेट गेलं, मला वाटलं फाईल चढलीच नाही, म्हणून मी तीच फाईल परत चढवली. आता बिटवॉर्डन फाईल आत घेताना हे आधीच आहे का ते तपासत नाही, आपण दोनदा दिलं की ते दोनदा ठेवतं. मला हे माहीत असायला हवं होतं, निदान नंतर एकदा लिस्ट उघडून बघायला हवी होती, पण दुसऱ्या दिवशी परत निघायची गडबड होती आणि मी बघितलंच नाही. म्हणजे तुमच्या तिजोरीत पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट दोन-दोन होती, आणि तुम्ही मात्र हे मशीन कधी चुकत नाही असं समजून वापरत होता.

त्यात बँकेचा पत्ता बदलला. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापल्या साईट डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं, खोट्या साईट लोकांना ओळखता याव्यात म्हणून, ते चांगलंच आहे. पण बिटवॉर्डन पासवर्ड पुढे करतं ते साईटचा पत्ता बघून. जुन्या पत्त्याखाली ठेवलेला पासवर्ड नव्या पत्त्यावर ते दाखवणारच नाही, आणि दाखवूही नये, उद्या कुणी बँकेसारखी हुबेहूब साईट बनवली तर त्यामुळेच आपण वाचतो. मग तुम्हाला तिथे काहीच दिसलं नाही, तुम्ही डायरी काढली, डायरीत दोन वर्षांपूर्वीचा होता तो टाकला, वर "सेव्ह करू का" आलं तर हो म्हणालात. कुणीही हो म्हणेल. झालं, आता नव्या पत्त्याखाली चुकीचा पासवर्ड जाऊन बसला, आणि पुढच्या वेळी तोच आपोआप भरला गेला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि खातं लॉक. तुम्ही काही विसरला नव्हता बाबा. तुमच्यासमोर एकाच बँकेच्या चार एन्ट्र्या होत्या आणि त्यातल्या तीन चुकीच्या होत्या, तिथे मी असते तरी माझंही लॉकच झालं असतं.

आणि त्यासाठी तुम्ही संक्रांतीनंतरच्या त्या आठवड्यात न जेवता शाखेत दोन तास उभे राहिलात आणि शुगर उतरली, हे मला आईने आठ दिवसांनी सांगितलं, तेही भाजीचं विचारता विचारता. यावर मी आत्ता काही लिहीत नाही. लिहायला घेतलं की रडायला येतं.

तर मी काय केलंय ते सांगते. तुम्हाला न विचारता केलंय, आणि ते करून झालंय. २६ जानेवारीला जोडून सुट्टी होती म्हणून आले असं सांगितलं ते खरंच होतं, पण दुपारी तुम्ही दोघं पडलात की मी तेच करत बसायचे. १८७ एन्ट्र्या होत्या, आता ६१ आहेत. विचारलं नाही कारण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता राहू दे, कशाला, असू देत दोन-दोन, कधी तरी उपयोगाला येतील, जसं त्या माळ्यावरच्या पितळी स्टोव्हचं म्हणता. स्टोव्ह दोन असले तर बिघडत नाही, पण पासवर्ड दोन असले तर खरा कुठला ते कळत नाही.

घाबरू नका, काही हरवलेलं नाही. सुरू करायच्या आधी सगळ्याची एक कॉपी काढली, कुलूप लावलेली, ती माझ्याकडे आहे. आणि बिटवॉर्डनमधून काढलेलं तीस दिवस त्याच्या ट्रॅशमध्ये राहतं, म्हणजे फेब्रुवारीच्या २३-२४ तारखेपर्यंत कुठलीही गोष्ट जशीच्या तशी परत आणता येते. तोवर काही अडलं तर मला सांगा, फक्त स्वतः ट्रॅश उघडून सगळं परत आणू नका, बाबा, प्लीज.

आणि मी डोळे झाकून उडवलेलं नाही हो. आधी वाटलं होतं तारीख बघू, जुनी ती काढू, नवी ठेवू. पण इम्पोर्ट केलेल्या सगळ्यांवर एकच तारीख, दिवाळीची. मग एकेक साईट उघडून आत जाता येतंय का तेच बघत बसले, जो चालला तो ठेवला. बँकेचा मात्र अंदाजाने एकदाही टाकून बघितला नाही, तुम्ही शाखेतून आल्यावर डायरीत लाल पेनने लिहिलेला तोच घेतला आणि तो बरोबर आहे. त्या एकाच एन्ट्रीत आता जुना पत्ता, नवा पत्ता आणि मोबाईलमधलं ॲप तिन्ही जोडलेत, त्यामुळे कुठूनही गेलात तरी तोच येईल. इन्कम टॅक्सच्या तीन होत्या, त्यातल्या दोन त्या जुन्या पोर्टलच्या, जे ७ जून २०२१ ला बदललं, तेव्हापासून त्या नुसत्या पडून होत्या.

लाईट बिलाच्या पाच निघाल्या. "लाईट बिल", "लाईट बिल नवीन", "लाईट बिल खरा", "लाईट बिल खरा २" आणि एक नुसतंच "बिल". मी जवळजवळ चार काढल्याच होत्या, पण काढायच्या आधी प्रत्येकीच्या खालच्या नोट्स वाचायच्या असं ठरवलं होतं म्हणून बरं झालं, "खरा २" च्या खाली वरच्या मजल्याच्या मीटरचा बारा आकडी ग्राहक नंबर लिहिलेला होता, तो दुसरीकडे कुठेच नव्हता. तो मी राहिलेल्या एन्ट्रीत उतरवून घेतला. रेल्वेच्या दोन दिसतात त्या दोन्ही ठेवल्यात, त्या डबल नाहीत, एक आईची आहे आणि एक तुमची, आता नावापुढे आई आणि बाबा असं लिहिलंय. आणि नानांच्या पेन्शनची जी आहे, तिला हात लावलेला नाही. खातं बंद होऊन किती वर्षं झाली मला माहितेय. तो पासवर्ड पण बघितला मी, माझं पाळण्यातलं नाव आणि पुढे जन्मसाल. ती राहू दे तिथेच.

तर नोट्स वाचताना बँकेच्या तिसऱ्या एन्ट्रीखाली तुम्ही लिहिलेलं सापडलं. "चुकला तर चिमीला दुपारी फोन करू नये. मीटिंग असते."

बाबा, मी कधी असं म्हटलं होतं? म्हटलं असणार, कधीतरी घाईत, हेडफोन कानात असताना. मला आठवत नाही, पण तुम्ही ते लिहून ठेवलंत. पाढे चुकले की तुम्ही कंपनीतून आल्या आल्या, चहाही न घेता माझ्याजवळ बसायचात, सतरा चोक अडुसष्ट येईपर्यंत उठायचा नाहीत, आणि एकदाही म्हणाला नाहीत की मी दमलोय. ती एन्ट्री मी काढली. चुकीचा पासवर्ड होता म्हणूनही आणि त्या ओळीसाठीही.

आणखी एक कबूल करायचंय. दिवाळीत क्रोममधून काढलेली ती फाईल तुमच्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये तशीच पडून होती, तीन महिने. तिला कसलंच कुलूप नसतं, कुणीही उघडलं की सगळे पासवर्ड समोर. प्रिंटर बघायला तो मुलगा येऊन गेला तेव्हाही ती तिथेच होती. काही झालेलं नाही, मी सगळी खाती तपासलीत, तरी बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आपण येत्या रविवारी व्हिडिओ कॉलवर एकत्र बसून बदलू. फाईल काढली, रिसायकल बिन पण रिकामी केली.

आता थोडं ऐका, आणि आई हे तू लक्षात ठेव कारण बाबा हो म्हणतील आणि आपलंच करतील. क्रोमचं "पासवर्ड सेव्ह करू का" मी बंद केलंय, फोनवर पण, दोन जण विचारायला लागले की गोंधळ तिथूनच सुरू होतो. आता फक्त बिटवॉर्डन विचारेल. पासवर्ड बदलल्यावर ते "अपडेट करू का" असं विचारेल तेव्हा हो म्हणायचं. पण एखाद्या जुन्या, रोजच्या साईटवर ते नवीन सेव्ह करायचं विचारायला लागलं, तर हो म्हणायचं नाही, थांबायचं, आधी पत्ता वाचायचा, पत्ता बदललाय की खोटी साईट आहे ते मला विचारायचं. चुकून नवीन झालीच तर होऊ दे, तिला "खरा" असं नाव देऊ नका फक्त. आणि लॉगिन एकदा चुकलं की दुसऱ्यांदा अंदाजाने टाकायचं नाही. एकदाच. मग बंद करायचं आणि चहा घ्यायचा.

मास्टर पासवर्डचा, म्हणजे बिटवॉर्डन उघडायच्या पासवर्डचा कागद आईच्या लोखंडी कपाटात, तिच्या हिरव्या इरकलीच्या घडीत ठेवलाय, लॉकरच्या किल्लीसोबत. तो विसरला तर बिटवॉर्डनवाले सुद्धा सांगू शकत नाहीत, त्यांच्याकडे तो नसतोच, म्हणून त्याचा फोटो काढू नका, मावशीला पाठवू नका आणि जागा बदलू नका. आई, साड्यांना ऊन दाखवायला काढशील तेव्हा ते बघ.

डायरी मी घेतलेली नाही. फाडलेली नाही, काही खोडलेलं पण नाही. तुमची ती निळी डायरी आहे तिथेच टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. बाबा, तुम्हीच एकदा बसून जुन्या पासवर्डांवर लाल पेनाने रेघ मारा, म्हणजे तुमच्या हाताने होईल आणि काय गेलं, काय राहिलं ते तुम्हाला कळेल. मी केलं असतं पण ते तुमचं अक्षर आहे, मला रेघ मारवेना.

डॉक्टरांकडे जायचं असेल तर जाऊया, मी पुढच्या महिन्यात येतेच आहे, तिघं जाऊ, शुगर आणि बीपी तसंही दाखवायचं आहे. पण पासवर्ड विसरलो म्हणून जायचं नाही. तुम्ही अजून वाड्याचा सर्व्हे नंबर, मिरजेहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा आणि माझ्या दहावीच्या सहाही विषयांचे मार्क सांगता, मला त्यातलं काहीच आठवत नाही.

जेवणाची वेळ चुकवू नका, बँकेत जाताना खिशात दोन खडीसाखर ठेवा, आई तू त्यांना एकटं पाठवू नकोस आणि शुगर उतरली तर मला त्याच दिवशी कळव, आठ दिवसांनी नाही. तुझ्या डोळ्यांचे थेंब संपत आलेत, मी मागवलेत, बुधवारपर्यंत येतील, कुरियरवाल्याला ओटीपी द्यायला हरकत नाही, बाकी कुणाला द्यायचा नाही.

आणि दुपारी फोन करायचा. मीटिंग असली तर मी बाहेर येऊन उचलते.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, बिटवॉर्डन उघडल्यावर सगळ्यात वर चांदणी लावलेल्या सहा एन्ट्र्या दिसतील, तुम्हाला रोज लागतात त्याच. सातवी हवी असेल तर सांगा, मी लावून देते.